फुल-फ्रेम मिररलेस: साइज बघायची की इमेज क्वालिटी? आधी लेन्स काट्यावर ठेवा

फुल-फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आणि आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचं ठरलं की दोन-तीन दिवसांतच माणूस एका प्रश्नाशी येऊन अडकतो, छोटी बॉडी घेऊ की मोठी, आणि छोटी घेतली तर क्वालिटीत किती मार खाईन. हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो. पहिली गोष्ट म्हणजे बॉडी लहान झाली म्हणून फोटो खराब होत नाही. सेन्सर तोच असेल तर फोटोही तोच. साइज आणि क्वालिटीची खरी ओढाताण असते ती लेन्समध्ये, आणि आपण मात्र महिनाभर बॉडीचे ग्रॅम मोजत बसतो.

उदाहरण घ्या. सोनीचा ए७ ४ आणि ए७सी २, दोघांत ३३ मेगापिक्सेलचा तोच सेन्सर. पहिला बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम, दुसरा ५१४. उंचीत जवळपास अडीच सेंटिमीटरचा फरक, कारण वरचा व्ह्यूफाइंडरचा उंचवटाच काढून टाकलाय. कॅननमध्येही तसंच, आर६ मार्क २ आणि आर८, दोघांत २४ मेगापिक्सेलचा तोच सेन्सर, एक ६७० ग्रॅम आणि दुसरा ४६१. कुठल्याही एका जोडीतल्या दोन्ही बॉडींमधून एकाच लेन्सने, एकाच सेटिंगवर ट्रायपॉडवरून फोटो काढा आणि कुठला कशातून आलाय ते ओळखून दाखवा, नाही ओळखता येणार.

आता त्यावर लेन्स लावा. छोट्या ए७सी २ वर सोनीचा २४-७० मिमी एफ २.८ जीएम २ झूम लावला, तो एकटाच ६९५ ग्रॅम, एकूण झालं १२०९. म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि मोठ्या ए७ ४ वर ४० मिमी एफ २.५ लावला, तो १७३ ग्रॅमचा, एकूण ८३१. बघा म्हणजे, मोठी बॉडी असलेला सेट छोट्या बॉडीवाल्यापेक्षा पावणेचारशे ग्रॅमने हलका निघाला. छोटी बॉडी घेऊन वाचले किती, तर १४४ ग्रॅम, आणि एका लेन्सच्या निवडीने त्याच्या साडेतीन पट वजन इकडचं तिकडे झालं. म्हणून म्हणतो, दोन बॉडींची तुलना करायच्या आधी रोज त्यावर जी लेन्स राहणार आहे ती ठरवा.

लेन्स मोठी का होते हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं. एफ नंबर म्हणजे फोकल लेंथ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवते तो मिमीतला आकडा) भागिले समोरून दिसणाऱ्या ॲपर्चरच्या भोकाचा व्यास. ५० मिमी एफ १.८ ला हे भोक २८ मिमीचं लागतं, तेच एफ १.२ करायचं तर ४२ मिमीचं. २०० मिमी एफ ४ ला ५० मिमी पुरतं, एफ २.८ ला ७१ मिमी. भोक वाढलं की त्याच्या पुढे-मागे असलेली प्रत्येक काच वाढते, आणि उघड्या ॲपर्चरला कोपरेही शार्प ठेवायचे तर काचांची संख्याही वाढते. मिररलेसमध्ये आरसा गेला, बॉडी पातळ झाली, पण ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर तेवढाच राहिला आणि त्याला झाकायला ४३ मिमी व्यासाचं प्रकाशाचं वर्तुळ पाडावंच लागतं. तिथे कुठल्याच कंपनीला पळवाट नाही. कॅननचा आरएफ ५० मिमी एफ १.८ आहे १६० ग्रॅमचा आणि एफ १.२ आहे ९५० ग्रॅमचा. जवळजवळ सहापट वजन, आणि प्रकाश मिळतो सव्वा स्टॉपच्या आसपास जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). ती एफ १.२ उघड्या ॲपर्चरला फार सुंदर आहे, धूळ-पाण्यापासून सीलिंग आहे, कोपरे शार्प आहेत, सगळं मान्य. पण तो सव्वा स्टॉप आपल्याला वर्षातून कितीदा लागतो हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे बघायचं.

मी ते उशिरा बघितलं. पहिला फुल-फ्रेम सेट घेतला तेव्हा दोन्ही झूम एफ २.८ चेच घेतले, कारण सगळे तेच घ्या म्हणत होते, बॉडी धरून अडीच किलोच्या आसपास वजन झालं. तीन दिवसांच्या डोंगरातल्या भटकंतीत दुसऱ्या दिवशी मान इतकी आखडली की कॅमेरा बॅगेत टाकला आणि बॅग पाठीवर. सकाळी एका वळणावर खालची दरी पूर्ण धुक्याने भरलेली, आणि धुक्यातून एकच झाड वर आलेलं, त्यावर तिरपं ऊन पडलं. मी पट्टा सोडला, बॅग उतरवली, चेन उघडली, मधला कप्पा बाजूला सारला, कॅमेरा बाहेर काढला, लेन्सचं झाकण काढलं आणि डोळ्याला लावला तोवर ऊन झाडावरून उतरून मागच्या कड्यावर गेलेलं होतं. सोबतच्याच्या मनगटाला छोटा कॅमेरा लटकत होता, त्याचे चार फ्रेम काढून झाले होते. तो फोटो अजून त्याच्या भिंतीवर आहे आणि मला तो खरंच आवडतो. घरी येऊन मी माझ्या त्या तीन दिवसांच्या फोटोंची माहिती उघडून बघितली तर जवळपास सगळे २४ ते ४० मिमीमध्ये आणि एफ ८ वर. म्हणजे एफ २.८ चं वजन मी तीन दिवस वाहिलं आणि वापरलं एफ ८.

तर सगळ्यात आधी करायचं काम हेच. तुमचे गेल्या वर्षभरातले फोटो, आत्ता ज्या कॅमेऱ्याने काढताय त्याचे, लाइटरूम किंवा डिजीकॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि फोकल लेंथ, ॲपर्चर, आयएसओ (अंधारात फोटो उजळ करायला वाढवतात तो आकडा, वाढला की दाणे येतात) असे फिल्टर लावून मोजा. सगळे नको, फक्त जे तुम्ही निवडून ठेवलेत, कुणाला पाठवलेत, प्रिंट केलेत तेवढेच, कारण काढलेले फोटो आणि ठेवलेले फोटो यांचं चित्र बरेचदा वेगळं निघतं. त्यातून तीन गोष्टी समजतील. कुठल्या फोकल लेंथला तुमचा हात जातो, किती वेळा ॲपर्चर पूर्ण उघडावं लागलं, आणि आयएसओ कुठवर चढला. निवडलेल्यांपैकी पाऊण फोटो एफ ५.६ च्या पुढे असतील तर एफ २.८ चा झूम तुम्हाला फक्त वजन देईल. उलट अर्धे फोटो एफ २ च्या आत आणि आयएसओ ६४०० वर असतील, घरातली मुलं, संध्याकाळचे कार्यक्रम, स्टेज वगैरे, तर तुम्हाला मोठं भोक लागतंच, मग तिथे वजनाशी भांडू नका, फक्त ते झूममधून हवंय की प्राइममधून (एकाच फोकल लेंथची, झूम न होणारी लेन्स) एवढंच ठरवा. ३५ किंवा ५० ची एखादी एफ १.८ प्राइम एफ २.८ च्या झूमपेक्षा सव्वा स्टॉप जास्त प्रकाश देते आणि वजनाला बरेचदा निम्म्याहून कमी असते, हे गणित मला तरी फार आवडतं.

मेगापिक्सेलचा हिशोबही इथेच उरकून घ्या. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, इंचाला ३०० च्या हिशोबाने २० बाय १३ इंचाची प्रिंट आरामात. ४के स्क्रीन साधारण ८ मेगापिक्सेलचाच असतो. ६१ मेगापिक्सेल ऐकायला अडीचपट वाटतं पण रुंदीत ते ९५०४ पिक्सेल, म्हणजे ६००० च्या १.६ पटही नाही. ते कुणाला हवं, तर जो मोठ्या प्रिंट काढतो, जो पक्ष्यांचे फोटो काढून खूप क्रॉप करतो, किंवा, आणि हा मुद्दा लोक विसरतात, ज्याला एकच छोटी प्राइम लावून फिरायचंय आणि झूमचं काम क्रॉपने करायचंय. ए७सीआर ५१५ ग्रॅमचा आहे आणि त्यात ए७आर ५ चाच ६१ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, त्यावर ४० मिमी लावून ६० मिमीच्या फ्रेमइतकं क्रॉप केलं तरी २६-२७ मेगापिक्सेल उरतात. एक लेन्स घरी राहिली, वजन वाचलं. पण त्याची किंमतही मोजावी लागते, हात हलला तर झूम करून बघताना लगेच दिसतं, म्हणून शटर स्पीड मी फोकल लेंथच्या दुप्पट (४० मिमीला १/८०) ठेवतो, आणि अनकम्प्रेस्ड रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) सव्वाशे एमबीच्या आसपास जाते.

आयएसओबद्दल थोडं मन घट्ट करायला शिका. एक स्टॉप म्हणजे आयएसओ ३२०० च्या जागी ६४०० एवढंच. आजच्या २४ किंवा ३३ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरला आयएसओ ६४०० हा काही घाबरायचा आकडा राहिलेला नाही, आणि २०२३ मध्ये लाइटरूममध्ये दाणे काढणारं एआयवालं डीनॉइज आलं तेव्हापासून तर मी एका स्टॉपसाठी अर्धा किलो उचलायचं बंद केलं. बॅकग्राउंड ब्लर मात्र डीनॉइजने येत नाही, तो हवा असेल तर काचच लागते. म्हणजे स्वतःला विचारायचं ते हे, मला मोठं ॲपर्चर प्रकाशासाठी हवंय की ब्लरसाठी. प्रकाशासाठी असेल तर आता बऱ्यापैकी तडजोड चालते, ब्लरसाठी असेल तर नाही चालत.

आता छोट्या बॉडीत नक्की काय जातं. सेन्सर जात नाही, पण बाकी बरंच जातं आणि ते स्पेकच्या तक्त्यात पहिल्या पानावर नसतं. ए७सी २ चा व्ह्यूफाइंडर ०.७० पट मोठं दाखवतो आणि ए७ ४ चा ०.७८, आकड्यात किरकोळ वाटतं पण चष्मा लावून दोन तास बघितलं की कळतं. कार्ड स्लॉट एकच, ए७सी २ ला पण आणि आर८ ला पण, त्यामुळे दुसऱ्याचं लग्न शूट करणाऱ्याने छोट्या बॉडीचा विचार मुख्य कॅमेरा म्हणून करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कार्ड गेलं तर ते फोटो परत काढता येत नाहीत. आर८ मध्ये बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, ए७सी २ मध्ये आहे. हा फरक मला १०० ग्रॅमपेक्षा मोठा वाटतो, कारण स्थिर विषय असेल तर १/१५ सेकंदाला हातात धरून आयएसओ खाली ठेवता येतो, म्हणजे ही थेट इमेज क्वालिटीच झाली. पळणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग शून्य, तिथे शटर स्पीडच लागतो. बॅटरीचंही बघा, आर८ मध्ये १०४० एमएएचची छोटी बॅटरी आहे आणि आर६ मार्क २ मध्ये २१३० ची, तर ए७सी २ मध्ये सोनीने मोठ्या भावाचीच बॅटरी ठेवलीय. दोन छोट्या कॅमेऱ्यांमध्येसुद्धा कापाकापी वेगवेगळ्या ठिकाणी केलेली असते, ती शोधून काढायची.

शटरबद्दल जरा थांबून सांगतो कारण हे घेतल्यावरच समजतं आणि तोवर उशीर झालेला असतो. आर८, ए७सी २ आणि ए७सीआर या बॉडींमध्ये पूर्ण मेकॅनिकल शटर नसतं, सुरुवात इलेक्ट्रॉनिक आणि शेवटचा पडदा खरा. वेगही १/४००० ला थांबतो, मोठ्या भावांमध्ये १/८००० मिळतो. भर उन्हात एफ १.४ उघडून १/२००० च्या पुढे गेलात की मागचे गोल ब्लर एका बाजूने कापल्यासारखे दिसायला लागतात. म्हणजे उघड्या ॲपर्चरची महागडी लेन्स छोट्या बॉडीवर लावलीत तर उन्हात तिचाच गुण थोडा मारला जातो, एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावा नाहीतर एफ २.८ वर या. सिग्मा एफपी आणि पॅनासॉनिक एस९ मध्ये तर मेकॅनिकल शटरच नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक, आणि बॉडीत व्ह्यूफाइंडरही नाही. त्यांचा सेन्सर हळू वाचला जातो, त्यामुळे वेगात जाणारी गाडी तिरकी दिसते, आणि एलईडीच्या उजेडात आडवे पट्टे येऊ शकतात. निकॉन झेड८ लाही मेकॅनिकल शटर नाही, पण त्याचा स्टॅक्ड सेन्सर इतक्या वेगाने वाचतो की हा त्रास जवळजवळ जाणवतच नाही. तो आहे ९१० ग्रॅमचा. निसर्ग, पोर्ट्रेट, प्रवास यासाठी एस९ सारखा कॅमेरा मला चालेल, खेळ आणि स्टेज यासाठी नाही.

छोट्या लेन्समध्ये काय जातं तेही माहीत असू दे. प्रकाश जातो हे झालंच. दुसरं म्हणजे बऱ्याच छोट्या वाइड लेन्स आता अर्धं काम सॉफ्टवेअरवर सोडतात. कॅननचा आरएफ १६ मिमी एफ २.८ आहे १६५ ग्रॅमचा, त्याचा रॉ करेक्शनशिवाय उघडला तर डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं) भरपूर आणि कोपरे काळे, मग सॉफ्टवेअर ते कोपरे ताणून सरळ करतं आणि ताणलं की तिथला बारकावा पातळ होतो. मध्यभाग मात्र चांगलाच असतो. एफ ८ वर ठेवा, महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात ठेवू नका, ग्रुप फोटोत कडेच्या माणसांना थोडं आत घ्या, काम होतं. रात्रीच्या ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्याने मात्र अशा लेन्सच्या नादी लागू नये, कारण तिथे कोपरेसुद्धा उघड्या ॲपर्चरलाच हवे असतात.

आणि एक तुलना, जी केल्याशिवाय पैसे देऊ नका. फुल-फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, एपीएस-सी नावाच्या लहान सेन्सरचं ३६६ च्या आसपास, म्हणजे त्याच एफ नंबरला फुल-फ्रेमला सव्वा स्टॉप जास्त प्रकाश मिळतो. पण त्याच एफ नंबरला! आर८ वर २४-५० एफ ४.५-६.३ चा किट झूम (बॉडीबरोबर मिळणारा) लावला तर ५० मिमीला तुम्ही एफ ६.३ वर आहात. एपीएस-सीवर १८-५० एफ २.८ लावला, सिग्माचा ३०० ग्रॅमच्या आतला मिळतो, तर तो फुल-फ्रेमच्या एफ ४.२ सारखा वागतो. म्हणजे फुल-फ्रेम घेऊनही तुम्ही एका स्टॉपहून जास्त मागे राहिलात. फुल-फ्रेमचा फायदा वसूल करायचा तर निदान एफ ४ चा झूम किंवा एफ २.५ च्या आसपासची प्राइम हवी. उलट बाजूनेही बघा, फुजीचा एक्स-टी५ ५५७ ग्रॅम आणि त्यावरचा १६-५५ एफ २.८ चा दुसरा अवतार ४१० ग्रॅम, एकूण ९६७. सोनीचा ए७सी २ आणि २०-७० एफ ४ मिळून १००२. दोन्हींचा प्रकाश आणि ब्लर जवळपास सारखा, वजनही जवळपास सारखं. सेन्सर लहान असला की सेट आपोआप हलका होतो ही समजूत इथेच गळून पडते, वजन लागतं ते प्रकाश गोळा करायला.

सगळे आकडे कागदावर आले की त्यांना शरीरावर तपासा. बॉडी, लेन्स, जास्तीची बॅटरी, पट्टा असं सगळं मिळून जेवढे ग्रॅम होतील तेवढं पाणी बाटलीत भरा, १२०० ग्रॅम असेल तर सव्वा लिटरच्या आसपास, आणि ती बाटली पट्ट्याने गळ्यात किंवा खांद्याला अडकवून सुट्टीच्या दिवशी चार-पाच तास फिरा. हसू नका, करा. पहिल्या तासाला काही वाटणार नाही, तिसऱ्या तासाला हात आपोआप पट्ट्याखाली जायला लागला की उत्तर मिळालं. मग दुसऱ्या दिवशी ७०० ग्रॅमची बाटली घेऊन तेवढंच फिरा.

त्यानंतर कॅमेरा प्रत्यक्ष हातात घ्यायचा, तोही जी लेन्स लावणार आहात ती लावूनच, नुसती बॉडी नाही. करंगळी ग्रिपवर बसते की खाली लोंबते बघा. लोंबत असेल आणि लेन्स ५०० ग्रॅमच्या वर असेल तर संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागतं. बोटांची पेरं लेन्सला घासतात का बघा, हे जाड लेन्सला फार होतं. एका हाताने धरून दहापर्यंत मोजा, कॅमेरा नाक खाली टाकतोय का ते जाणवेल. माझा अनुभव असा की छोट्या बॉडीवर ५०० ग्रॅमपर्यंतची लेन्स छान बसते, त्यापुढे मोठी ग्रिपच हलकी वाटते, जरी काट्यावर ती जड असली तरी. कारण वजन बोटांऐवजी तळव्यावर येतं.

इतकं केल्यावर माझ्याकडे आता काय राहिलं तर ३३ मेगापिक्सेलची छोटी बॉडी, ४० मिमी एफ २.५ आणि २०-७० एफ ४. मोठा ७०-२०० एफ २.८ विकला नाही, कुणाचं स्टेजवरचं नृत्य किंवा नाटक असलं की तो काढतो, आणि तेव्हा बॉडीच्या खाली लावायला हाताची पकड वाढवणारी वेगळी ग्रिप घेतलीय. तो घराबाहेर पडतो ठरवून, रोज नाही. रोज बाहेर पडतो तो ४० मिमीवाला, मनगटाच्या पट्ट्याला, झाकण न लावता नुसता हूड लावून, ॲपर्चर प्रायोरिटी (ॲपर्चर मी ठरवतो, शटर कॅमेरा), एफ ५.६, ऑटो आयएसओ ६४०० पर्यंत मोकळा आणि शटर किमान १/१२५. बटण दाबलं की तयार.